व्याह्यांच्या क्रेनचा रंग

राघो बोरसे एकदा बोलायला लागला की थांबत नाही, आणि त्याचे व्याही गजेंद्रभाऊ मुळात बोलायलाच लागत नाहीत. अशा दोन घरांत सोयरीक जमवणाऱ्याला खरं तर हार घालायला हवा. राघोच्या लेकीच्या, जयश्रीच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण दोन व्याह्यांचं बोलणं "तब्येत बरी?" आणि "बरी" यापुढे सरकलं नव्हतं.

यात गजेंद्रभाऊंचा तरी काय दोष? सुरतेजवळ हजीऱ्याला एका कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. काचेच्या केबिनमध्ये एकटं बसायचं, खालच्या माणसाने हाताने खुणा करायच्या आणि यांनी टनावारी लोखंड उचलून ठेवायचं. तिथं तोंडाचं काम फक्त डबा खायला. पण भेस्तानला राघोच्या घरी आले की तेवढ्यालाही ते तोंड उघडत नसत. पाणी पिऊन उठायचे. जेवा म्हटलं की "ड्यूटी आहे." भांडण असतं तर राघोनं ते बोलून बोलून मिटवलं असतं. भांडणच नव्हतं, म्हणून त्याचा इलाज चालेना. व्याह्यांनी एकदा आपल्या घरी मांडी घालून जेवावं आणि चार गोष्टी कराव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या बायकोला, मालतीबाईला तर ते फारच लागलं होतं.

अशात गजेंद्रभाऊंच्या निवृत्तीची तारीख आली. रविवारी संध्याकाळी उधन्याला सोसायटीत सत्कार ठरला. आता व्याह्यांना काय द्यायचं? टॉवेल-टोपी तर आलीच. पण आमच्या खानदेशी मंडळींत टॉवेल-टोपी हा फिरता जिन्नस आहे. धुळ्याला दिलेला टॉवेल तीन लग्नं फिरून आपल्याच पेटीत परत येतो. राघोला असं काही द्यायचं होतं की जे पुढे कुणाला देता येणार नाही.

त्यानं ऑनलाइन एक क्रेन मागवली. खेळणं नव्हे, खऱ्या क्रेनच्या मापाबरहुकूम केलेली, ओतीव धातूची, पट्ट्यांवर चालणारी, हातभर लांब जाळीदार बूमची, म्हणजे सोंडेची. फक्त ती होती लालभडक, आणि व्याह्यांची होती पिवळी. जयश्रीनं सासऱ्यांच्या क्रेनचा फोटो गुपचूप पाठवला आणि राघो कामाला लागला.

थिनरनं लाल रंग उतरवला. पॉलिश पेपरनं धातू घासून वर अस्तर मारलं. तारेच्या दोराऐवजी आत जो साधा दोरा होता, तो काढून आपल्या कापड मिलमधलं राखाडी पॉलिएस्टर सूत पीळ देऊन ओवलं. माल उचलायच्या आकड्यावर काळे-पिवळे पट्टे काढले. केबिनच्या दारावर क्रेनचा नंबर घालताना तो तासभर श्वास रोखून बसला होता, असं मालतीबाई सांगते. तेवढा वेळ घरात कोणी बोललं नाही, हेही तीच सांगते.

पण खरं काम होतं मुख्य रंगाचं. इथं तर राघोला कोण शिकवणार? जवळच्या सचिन गावच्या डाइंग मिलमध्ये तो एकतीस वर्षं शेड मास्तर. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीशी मिलमधलं रंगवलेलं कापड जुळतंय की नाही, हे ठरवणारा माणूस. त्यानं 'पास' म्हटल्याशिवाय मालाचा ट्रक गेटबाहेर पडत नाही. खिडकीच्या उजेडात फोटो धरून त्यानं गाडीला मारतात तो पिवळा रंग घोटला, त्यात थेंबभर तपकिरी, थेंबभर लाल घातला. रंग फोटोशी तंतोतंत जुळला. आणि मग त्यानं आणखी दोन थेंब टाकले.

कारण ओलं कापड नेहमी गडद दिसतं आणि वाळलं की रंग उतरून फिका होतो. म्हणून ओला असताना तो दोन पायऱ्या गडदच ठेवायचा. एकतीस वर्षं हाताला हीच सवय. पण ती सवय कापडाची होती, आणि समोर होता धातू.

रंग वाळला, पण उतरला नाही. राघोनं क्रेन खिडकीत नेली, गच्चीवर नेली, डोळे चोळून पाहिली. मालतीबाईनं कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, "हाई क्रेन शे का करपेल हयद?" हळद खरंच करपली होती.

सत्कार चार तासांवर आला होता. पुन्हा रंग उतरवून अस्तरापासून सुरुवात करायला वेळ नव्हता. मालतीबाई म्हणाली, "दी टाका. त्यासले काय समजनार शे?" पण नापास माल राघोनं आयुष्यात गेटबाहेर सोडला नव्हता. त्यानं क्रेन कपाटात ठेवली, व्याह्यांना टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, "तब्येत बरी?" विचारलं आणि "बरी" ऐकून घरी आला. एवढा बोलका माणूस, पण रिक्षात एक शब्द बोलला नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

जयश्रीला हे सहन होईना. तिनं दुसऱ्या दिवशी चहा देताना सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं, की बाबांनी तुमच्यासाठी क्रेन रंगवली, पण रंग चुकला म्हणून लाजेनं दिली नाही. सासऱ्यांनी चहा संपवून कप बशीत ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला गजेंद्रभाऊ स्कूटरवरून एकटेच भेस्तानला आले आणि दारातच म्हणाले, "क्रेन दाखवा."

राघोनं ती आणून खिडकीत ठेवली. गजेंद्रभाऊंनी खाली वाकून केबिनमध्ये पाहिलं, सूत बोटानं ताणून पाहिलं, नंबर वाचला. मग म्हणाले, "रंग चुकला."

"मालूम शे, याही," राघो म्हणाला. "दोन पायऱ्या गडद गया."

"फोटोतला पण चुकीचा आहे. तो नुकता रंग दिल्यावरचा. अशी ती वर्षातून महिनाभर दिसायची." गजेंद्रभाऊ खुर्ची ओढून बसले. "खाडीकडची बाजू खाऱ्या वाऱ्यानं फिकी पडायची. केबिनमागं धुराचा काळा डाग. अन् बूम असा ताठ मी कधी सोडला नाही. वारा सुटला की बूम खाली घ्यायचा. एकदा काय झालं..."

आणि ते सांगत सुटले. एकदा काय झालं, दुसऱ्यांदा काय झालं, पावसाळ्यात काय व्हायचं. चार वर्षांचं तुंबलेलं बोलणं एका दमात बाहेर आलं, आणि राघो चक्क ऐकत राहिला. मध्येच त्यानं नवा रंग घोटायला घेतला. सवयीनं आणखी एक थेंब टाकणार, तोच गजेंद्रभाऊंनी हात उंच करून थांबायची खूण केली. राघो थांबला. अशी किमया मालतीबाईला पस्तीस वर्षांत साधली नव्हती.

असं करत करत एक बाजू झाली. धुराच्या डागासाठी दोघांनी तव्याखालची काजळी खरवडून आणली. डाग केवढा काढायचा यावरून त्यांची थोडी बाचाबाचीही झाली, आणि ती ऐकून आत शेवभाजीला फोडणी देणाऱ्या मालतीबाईला पदरानं डोळे पुसावे लागले. तिनं कांद्याचं नाव सांगितलं.

एक वाजला. गजेंद्रभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि सवयीनं उठायला लागले. मग ड्यूटी नाही हे आठवून तसेच अर्धवट उभे राहिले.

"दुसरी बाजू केव्हा करायची?" त्यांनी विचारलं.

गाडीचा तो रंग पंख्याखाली अर्ध्या तासात वाळतो. राघोनं बोटानं रंग चाचपला. तो केव्हाच वाळला होता.

"ओला शे आजून," तो म्हणाला. "संध्याकाय व्हई जाई. तवलोंग जेवन करी ल्या."

गजेंद्रभाऊंनीही त्याच जागी बोट टेकवलं, कोरडं बोट पाहिलं, आणि हात धुवायला मोरीकडे गेले.