पलंगाचं हँडल

चंदीगडचे ते दिवस म्हटले की हॉस्पिटलमागच्या हिरवळीवरचं थंडीतलं ऊन आठवतं, आणि घरी फोन करायला एसटीडी बूथवर लागणारी रविवारची रांग. मी नुकती डॉक्टर झालेली, सातारची, तोंडाने फटकळ. पण कानावर मराठी पडलं की संपलंच! कुणीही यावं आणि मला गुंडाळावं.

आयसीयूत एक वयस्क पंजाबी सिस्टर होत्या, कुणालाच बधायच्या नाहीत. हात न धुता पेशंटला शिवलं की, "डॉक्टर जी, पहले हाथ!" व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं डोकं उंचच हवं, हा त्यांचा हट्ट. सपाट झोपवलं तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो. पुस्तकात मीही वाचलं होतं म्हणा.

तेव्हा पंचकुल्याहून एक मराठी गृहस्थ आले, बँकेतल्या बदलीने तिकडे आलेले. पायांपासून चढलेला लुळेपणा छातीपर्यंत पोचलेला, म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर; शुद्ध मात्र लख्ख. आठवड्याभरात नळी निघेल अशी आशा होती. एके दुपारी भेटीच्या वेळी त्यांची बायको म्हणाली, "ताई, मान अवघडलीय हो त्यांची. घटकाभर आडवं करा की! या बाई ऐकतच नाहीत."

'ताई' ऐकलं अन् मी विरघळले. नाकातल्या नळीतून पोटात दूध चालू होतं. सिस्टर "नहीं जी" म्हणाल्या. "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" असं हिंदीत फटकारून मी पलंगाचं हँडल फिरवलं. मग अपघात विभागातून बोलावणं आलं, आणि मी साफ विसरले. माझ्या हुकमामुळे संध्याकाळपर्यंत पलंग सपाटच राहिला.

दोन दिवसांनी ताप. श्वासाच्या नळीतून पिवळा घट्ट कफ, एक्स-रेत नवा डाग. कफ तपासायला पाठवला, अँटिबायोटिक सुरू केलं. त्या दुपारमुळेच झालं, हे कुणी सिद्ध करू शकलं नसतं. मला मात्र ठाऊक होतं.

सिस्टरांनी त्या गृहस्थांचं तोंड पुसलं, कफ ओढला, कुशी बदलल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आठवड्याचा महिना झाला, पण माणूस वाचला.

निघताना बायकोने माझेच हात धरले. "आपलं माणूस होतं म्हणून हे वाचले हो!"

"क्या कह रही हैं?" शेजारून सिस्टरांनी विचारलं.

"आपका शुक्रिया कर रही हैं," मी म्हटलं.

सिस्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.