डब्यासंगं कोलंबियाचं विमान

हावगेप्पामामा आमच्या कमठाण्यातले रिटायर पोस्टमन. तीस वर्षं सायकलवर गावं फिरले, दारोदार लोकांची पत्रं वाचून दाखवली. आता बोलायला भिंती. बायको सिद्धव्वा दोन वर्षांमागं गेली, पोरगा प्रशांतकुमार बेंगळूरला. तवापासून दुपारचा डबा शेजारीण म्हणून मीच द्यायलेय.

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. सिद्धव्वाक्का मूठभर शेंगा तरी घालायची. मामाच्या घरात काय असणार घालायला? मग जेवून, डबा धुऊन, तसाच धरून बसायचे. "अंबिका, ह्याच्यात विमानाची गोष्ट घालतो."

एकच गोष्ट! मामाला परदेशी टपालाची तिकिटं जमवायचा नाद. त्यातल्या एका तिकिटावरून मोबाईलात हुडकलेली. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देश. एकोणीसशे एकोणीसला तिथं विमान कंपनी निघाली. मग्दालेना नदीतनं आगबोटीला वर जायला आठवडा न् वर लागायचा. ह्यांचं विमान नदीच्या पाण्यावरच उतरायचं, एका दिसात टपाल पोचवायचं. तिकिटं बी कंपनीचीच छापलेली. "आपल्यासारखे टपालवालेच की!" म्हणून मामा मांडीवर थाप मारायचे. विमान नदीत उतरलं की म्हणायचे, राहिलेली उद्या. उद्या परत पैल्यापासून! माझे कान किटले बघा.

एक दिवस सासूबाई तापानं फणफणलेल्या, घरात कामाचा ढीग, न् मामा निवांत गोष्टीतल्या नदीकाठी. माझी जीभ आवरली न्हाई. "मामा, रिकामा डबा द्या हो! तुमच्या विमानानं काय माझं पोट भरायलंय?"

मामा उठले. डबा दिला.

दुसऱ्या दिवशी डब्यात गुळाचा खडा. म्हातारं गुडघे धरत दुकानापर्यंत जाऊन आलं होतं. गोष्ट न्हाई, काय न्हाई. आठ दिवस नुसता गूळ. मलाच करमंना झालं. नवव्या दिवशी उंबऱ्यातच बसकण मारली.

"मामा, त्या कंपनीचं पुढं काय झालं?"

"नाव बदललं. विमानं अजून उडायलीत."

"एवढंच?"

"एवढंच गं. सिद्धव्वाला सांगितली तवा दहा मिनिटांत संपली. तुला मुद्दाम अर्धीच सांगायचो. तेवढंच कुणी तरी घरात बसतंय म्हणून."

माझ्या डोळ्याला पाणीच आलं. चुकलंच माझं. म्हणलं, "मामा, पैल्यापासून सांगा. मला कायबी घाई न्हाई."

"नको माय. आता तुला बस म्हणायची लाज वाटायलीय," म्हणाले, न् दार हळूच लोटून घेतलं.