एक तास एकोणचाळीस मिनिटं

खड्ड्यात पाच माणसं होती आणि बांधावरून पाणी आत यायला लागलं होतं. मी घड्याळ पाहिलं. एक चाळीस. माझ्या हिशेबाने पाणी बांधाला लागायला अजून दीड तास होता. घड्याळ कानाला लावलं. चालू होतं.

युद्धाचे दिवस होते. मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर, आणि उत्तनजवळच्या चौक गावातल्या धक्क्याचा खचलेला पाया दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं होतं. ओहोटीला पाणी मागे हटलं की मातीचा बांध घालायचा, आत पुरुषभर खोल खड्डा काढून दगड बसवायचे, आणि भरतीच्या आधी सगळ्यांनी वर यायचं. म्हणजे भरती कधी, हे कळलं पाहिजे. भरतीचं छापील पुस्तक साहेबांच्या टेबलावर, ठाण्याला. म्हणून सकाळी मी फ्रान्सूबाबांना विचारलं होतं. म्हातारे मच्छीमार, जाळं विणत बसले होते. त्यांचा मुलगा पेद्रू माझ्याकडेच गवंडीकाम करायचा.

"बाबा, पाणी बांधाला कधी लागेल?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दीडला लागंल. त्याच्या आदी माणसा वर काडा."

इथे जरा गणित सांगावं लागेल. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकणं, म्हणून भरती रोज बारा चोक अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा येते. कोळी माणूस अंशांच्या भानगडीत पडत नाही. तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. पण हे तीन सूर्याचे, म्हणजे मुंबईच्या जुन्या वेळेचे. देशाची स्टँडर्ड वेळ ज्या रेषेवरून धरतात ती आमच्या पूर्वेला पावणेदहा अंशांवर, म्हणून ती एकोणचाळीस मिनिटं पुढे. त्यात युद्धासाठी सरकारने सगळी घड्याळं आणखी एक तास पुढे केलेली. माझं घड्याळ या नव्या वेळेवर होतं.

बाबांचं दीडही सूर्याचंच धरून मी वहीत लिहिलं: दीड अधिक एक तास एकोणचाळीस मिनिटं, बरोबर तीन वाजून नऊ मिनिटं. खाली दोन रेघा ओढल्या. मुकादमाला सांगितलं, "पावणेतीनपर्यंत खुशाल काम करा." स्वतःवर खूशही झालो. साध्या माणसाची वेळ आपण शास्त्रात बसवली म्हणून!

आणि आता पाणी खरोखर आत येत होतं. "वर या, वर या!" मी ओरडलो. चौघे चढले. पेद्रू चढेना. अर्धवट बसवलेला दगड माती भिजल्याने घसरून त्याच्या पायावर आला होता.

फ्रान्सूबाबा हातातलं जाळं तिथेच सोडून धावत आले. त्यांनी मुकादमाच्या हातातली पहार घेतली आणि खड्ड्यात उडी मारली. मागोमाग मी आणि आणखी दोघे. पाणी कमरेला, मग छातीला. तीन पहारी दगडाखाली घालून आम्ही जोर लावला. दोनदा दगड हलून परत बसला. तिसऱ्यांदा पेद्रूचा पाय सुटला, तेव्हा त्याच्या हनुवटीला पाणी लागलं होतं.

काठावर त्याला निजवल्यावर बाबा माझ्याकडे वळले.

"दीड सांगितला व्हता ना तुला?"

"बाबा, मला वाटलं तुम्ही जुन्या वेळेने सांगताय."

"जुनी? आमच्या बायका मासली घेऊन भाईंदरला गाडी पकडतान. गाडी नव्या टायमान् सुटते. वरीस झाला, आमी पावणेदोन तास मिलवूनच सांगतो." मग हळू आवाजात म्हणाले, "माजा पोरगा आत हाय, मी तुला कच्चा टाइम सांगीन?"

ज्याला मी अडाणी समजून दुरुस्त केलं, त्याने माझ्या आधीच बेरीज करून ठेवली होती. पंचांग उघडून तिथी पाहिली असती तरी चूक कळली असती: त्या दिवशी चतुर्थी, म्हणजे पूर्ण भरती माझ्या घड्याळाने चार वाजून एकोणचाळीसला, आणि पाणी बांधाला लागतं त्याच्या तीन तास आधी. तेही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"त्यांना विचारलंस, कुठल्या घड्याळाने?"

"नाही साहेब."

त्यांनी वही मिटली. माझी पगारवाढ त्या वर्षी थांबली. पेद्रूचा घोटा नीट जुळला नाही. तो कायमचा लंगडत चालू लागला.

पुढे नोकरीभर मी अंशांची मिनिटं आणि मिनिटांचे अंश हजारदा केले. प्रत्येक वेळी आधी एकच विचारत आलो: हा आकडा माझ्याआधी कोणी बदललाय का? पहिल्यांदा विचारलं ते धक्क्याचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा, फ्रान्सूबाबांना. "बाबा, कुठल्या घड्याळाने?"

त्यांनी जाळ्यातून मान वर केली.

"तवा इचारला असतास तर?" एवढंच म्हणाले, आणि मग वेळ सांगितली.