दोरीवरचे बारा गणवेश

मे महिना म्हणजे आमच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा. पौडच्या बाजारातलं हे टेलरिंगचं दुकान सासऱ्यांनी टाकलेलं. नवरा कापतो आणि शिवतो. काज-बटण आणि गिऱ्हाइकांशी भांडण माझ्याकडे. नवऱ्याला भांडता येत नाही. कुणी वर्षभरानं येऊन 'बाही आखूड झाली' म्हटलं, तरी हा माणूस 'चुकलं माझं' म्हणून उसवायला घेतो. अहो, पोर वाढलंय, हे मला सांगावं लागतं.

त्या वर्षी ऐन गर्दीत पुण्याची एक मुलगी आली. केस बारीक कापलेले, पायात मळके बूट. सिनेमा करत होती, युद्धाचा. त्यात नावाजलेलं कुणी नव्हतं, सगळं मित्रमंडळींच्या जिवावर चाललेलं. शूटिंग माले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. गोष्ट तिनं कापायच्या टेबलाला टेकून मला सांगितली. एक सैनिक सरहद्दीच्या पलीकडे अडकतो, खूप वर्षांनी परत येतो आणि गावात त्याला कुणी आपला म्हणायला तयार होत नाही.

"मग शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"ते अजून ठरत नाहीये, काकू."

शेवट ठाऊक नाही आणि ही निघाली सिनेमा काढायला, असं मी मनात म्हटलं. पण पोरगी गुणी होती, आमचा चहा न लाजता मागून प्यायची.

आपल्या सैनिकांचे कपडे आधी शिवून गेले. मग पलीकडच्यांचे बारा जोड. त्यांच्या खांद्यांवर लावायला चांद-ताऱ्याचे बिल्ले तिनंच आणून दिले होते. ते मी लावले, बारीक टाक्यांनी, हातानं. कपडे कोरे दिसता कामा नयेत, असं तिनं बजावलं होतं. म्हणून नवऱ्यानं ते चहाच्या पाण्यात भिजवले, दगडावर घासले आणि सकाळी दुकानापुढच्या दोरीवर ओळीनं वाळत घातले. आमच्याकडे सगळंच त्या दोरीवर वाळतं, कारण ऊन तिथंच येतं. त्याला फक्त कापडाचा रंग दिसत होता. आणि मी, जी स्वतःला शहाणी समजते, ती बिल्ल्याचा टाका पाण्यानं आवळलाय का, ते बघत उभी होते.

त्याच आठवड्यात सरहद्दीवर तणाव वाढलेला. टीव्हीवर दिवसभर धोक्याचे भोंगे वाजत होते. आम्ही ते ऐकत बटणं लावत होतो. आमच्या दोरीचा आणि त्या भोंग्यांचा काही संबंध असेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कपडे वाळत घातल्यावर तासाभरात शेजारचा भांड्यांचा दुकानदार आला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "वहिनी, ही तुमचीच दोरी ना?" फोटोत बारा गणवेश आणि वर आमच्या दुकानाची पाटी, त्यावर नवऱ्याचं नाव. नावावरून आम्ही कोण ते कुणालाही कळतं. खाली लिहिलेलं, 'पौडच्या बाजारात उघड्यावर कोणाचे कपडे शिवले जातायत बघा.' नवऱ्यानं धावत जाऊन कपडे ओढून आत घेतले. त्या घाईत एक खाली पडला, त्याची त्यानं झटकून नीट घडी घातली. मला त्याची इतकी चीड आली.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. "आमाला घाई न्हाई वो, पर कापड द्या माघारी. पावण्यांकडं एक टेलर हाय." कुणी शिवी दिली नाही. दिली असती, तर मी दोन परत दिल्या असत्या. पण लोक हळू आवाजात बोलत होते, माझ्याकडे न बघता पिशवी पुढे करत होते. दुपारपर्यंत सात जणांनी न कापलेलं कापड परत नेलं. प्रत्येक वेळी नवरा ते कागदात गुंडाळून, दोरा बांधून देत होता.

दुपारी एक मोटरसायकल दुकानापुढे थांबली. दोघं होते. उतरले नाहीत. "सांच्याला येतो," पुढचा म्हणाला. "सगळेच येतो. तवा बोलू." त्याच्या लग्नाचा कोट आमच्या इथंच शिवलेला. तो गेल्यावर नवरा टेप गळ्यात घालून पुन्हा मशीनवर बसला. शटर फोडतील, याला ओढून नेतील, पुढचं मला सुचेना.

त्या मुलीचा फोन लागत नव्हता, वर डोंगरात रेंज नाही. कपडे सिनेमाचे आहेत, हे आमच्या तोंडून कुणाला पटलं नसतं. संध्याकाळच्या आत तिला आणलं, तिनं चार लोकांत सांगितलं, तरच निभावणार होतं. आणि ते कपडे दुकानातून बाहेर जायला हवे होते. नवरा उठला, त्याला मी खाली बसवलं.

"तुमाला समदे वळखत्यात. मी जाते. मला तिकडं वर कोण वळखतंय?"

खरंच होतं. नेसणं साडीचं, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं इथल्या मातीतलं. कमी होती ती फक्त कपाळावर. ब्लाउजवर मॅचिंग म्हणून आम्ही टिकल्यांची पाकिटं ठेवतो. त्यातली एक मी काढून लावली. घाईत वाकडी लागली. नवऱ्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

मालेकडे माणसं भरून जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन मी मधल्या सीटवर बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, तिच्याजवळ करवंदांची टोपली. "काय हाय वो गठुळ्यात?" तिनं सहज विचारलं. "शाळेचे कपडे," मी म्हणाले.

पुढच्या माणसानं मोबाइल मागे फिरवला. "ह्यो बघितला का पौडातला टेलर? दुश्मनाचे कपडे शिवतोय."

"आपल्यातच ऱ्हाऊन?" ड्रायव्हर म्हणाला.

"आपल्यात ऱ्हाऊन, आपलंच खाऊन. कुटुंबासकट हाकलला पायजे गावातनं."

गाठोड्याच्या गाठीतून एका बिल्ल्याचा कोपरा बाहेर आला होता. मी तो अंगठ्यानं आत दाबला आणि अंगठा तिथंच ठेवला. जीप वळली की अंगठा निसटेल असं वाटायचं.

"तुमी पौडच्याच न्हवं?" ती बाई माझ्याकडे वळली. "वळखता का त्याला?"

सगळे बघायला लागले. ड्रायव्हरनंही आरशात बघितलं.

"वळखते की," मी म्हणाले. "पहिल्यापासनंच तसला हाय त्यो. हाकललाच पायजे."

नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी खोदून विचारलं नसतं. पण भीतीनं मला तेवढ्यावर थांबू दिलं नाही. त्या बाईनं मान हलवली आणि ओंजळभर करवंदं माझ्या हातावर ठेवली. ती मी मालेपर्यंत एकेक करून खाल्ली.

ती पोरगी ऐकताक्षणी काम टाकून आली. संध्याकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं जमलेल्या लोकांना लॅपटॉपवर सिनेमाचा झालेला भाग दाखवला. सोबत भरे आणि घोटावडे या गावांतली, सिनेमात काम करणारी पोरं आणली होती. "आवं, ते कपडे मीच घालणार हाय!" त्यातला एक ओरडला आणि हसायला सुरुवात झाली. मोटरसायकलवाला म्हणाला, "आदी सांगायचं न्हवं का, चाचा." दोन दिवसांत सातातल्या पाच जणांनी कापड परत आणून दिलं.

"बघ, लोक वाईट न्हाईत," नवरा म्हणाला. मला ते सहन झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी त्याला जीपमधलं सगळं सांगितलं. शब्दसुद्धा तेच सांगितले.

त्यानं मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा दातानं तोडला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"बरं केलं? तुमाला हाकला म्हणाले मी."

"मग काय करणार हुतीस? म्हणावं लागतं तसं."

तो चिडेल, निदान त्याला वाईट वाटेल, म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. पण तो कमरेचं माप सांगावं तसं बोलत होता. सवय असलेल्या माणसासारखं. मग मी विचारलं, "तुमी म्हणालाय का कदी? कुणाबद्दल? माज्याबद्दल?"

त्यानं पुढचा शर्ट उचलून माझ्यापुढे ठेवला. "ह्याला काजं राहिल्यात," म्हणाला. "उद्याच्याला द्यायचाय."

मी पुन्हा विचारलं नाही. तो खरं सांगेल याची मला भीती वाटली, जीपमध्ये वाटली होती त्याहून जास्त.