चिलखताखालची घोडी

रुमावाच्या बाजारात अजूनही कुणी कुणी शेकाराऊला 'घोडीवाला' म्हणतं आणि हसतं. मी तिथं असलो तर हसणाऱ्याची बोलती बंद करतो. माझं नाव तांको. शेकाराऊच्या तुकडीत माझा घोडा बरोबर त्याच्या मागे असायचा. त्याची पाठ बघत बघतच मी सगळ्या लढाया लढलो. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क असलाच तर मला आहे, कोलाच्या बिया चघळत ओट्यावर बसणाऱ्यांना नाही.

दिवस उलटून गेले तरी जे मूल जन्माला यायचं नाव घेत नाही, त्याला आमच्याकडे शेकाराऊ म्हणतात. हा म्हणे आईच्या पोटात निवांत बसून राहिला होता. तेवढंच काय ते त्याचं बसणं. पुढे मी त्याला कधी स्वस्थ पाहिला नाही. जेवता जेवता उठायचा, घोड्याच्या पाठीवर हात फिरवून यायचा, पुन्हा एक घास घ्यायचा. त्याची बायको देलू वैतागून म्हणायची, "यांना वाढायचं तरी कुठं? थाळी घेऊन मागे मागे फिरू का?"

तो लिफिदीवाल्यांचा सरदार होता. लिफिदी म्हणजे सावरीचा कापूस ठासून शिवलेलं चिलखत. घोड्यालाही तेच, माणसालाही तेच. त्यात भाला रुतला की तिथंच अडकतो, अंगापर्यंत पोचत नाही. पण ते घातलं की माणसाला आपलं आपण घोड्यावर चढता येत नाही, दोघांनी उचलून बसवावं लागतं आणि उतरवेपर्यंत तो वर गाठोड्यासारखा राहतो. शेकाराऊचा बाप सरदारीची हीच पगडी बांधून मेला, आजाही. पगडी गेली तर आपल्यात उरतं काय, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी शेजारच्या तुदूवाच्या लोकांनी आमची बाजरी जाळली आणि गुरं हाकून नेली. राजानं फौज बोलावली. राजवाड्यापुढे हजेरी होती त्याच दिवशी पहाटे शेकाराऊचा घोडा पोटशूळ उठून मेला. हजेरीला जो घोड्याविना येईल त्याची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि लढाई तोंडावर आलेली असताना घोडा उसना देतो कोण? शेकाराऊ अंगणात येरझारा घालू लागला. पुढचं मला देलूनंच सांगितलं.

"अहो, माझी झिनारिया आहे ना," ती म्हणाली. ही घोडी तिला लग्नात बापानं दिलेली, सोनेरी रंगाची, वाऱ्यासारखी पळणारी.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घोडीवर बसून लढाईला जाऊ? त्यापेक्षा तुझं लुगडं नेसून जातो."

"नेसा की. पण लिफिदी घोड्याच्या गुडघ्याखाली येते. वाकून बघणार कोण आहे?"

आमच्या फौजेत घोडी चालत नाही. त्यात लाज तर आहेच, पण एक घोडी रांगेत शिरली की सगळे घोडे बिथरतात. म्हणून जो घोडीवर येईल त्याची सरदारी गेलीच, हा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही दुपारी शेकाराऊ हजेरीला आला. लाल-पिवळ्या ठिगळांची लिफिदी जवळजवळ जमिनीला टेकलेली, वर तो ताठ बसलेला. राजानं मान डोलावली. लांब कर्णे वाजले आणि आम्ही निघालो.

वाटेत तो विचित्र वागायला लागला. मुक्कामाला आम्ही घोड्यांची चिलखतं उतरवून त्यांना वारा खाऊ द्यायचो, हा उतरवायचाच नाही. म्हणे नवस आहे. पाणी पाजायला एकटाच लांब जायचा. कुणी जवळ गेलं की खेकसायचा. मला वाटलं, म्हातारपण आलं.

एके सकाळी, आम्ही अजून अंगावर चिलखतं चढवायच्या आत, माझा घोडा त्याच्या घोड्याच्या मागे नाक खुपसून ओठ वर करून उभा राहिला. लगाम ओढला, टाच मारली, तरी हलेना.

"तांको, आवर त्याला!" शेकाराऊ ओरडला.

"सरदार, हा असं कधी करत नाही. तुमच्याच घोड्याला काही..." बोलता बोलता मी खाली उतरलो आणि लिफिदीची कड उचलली.

"ही घोडी आहे!"

"हळू बोल रे."

"आणि माजावर आलीय! सरदार, अहो, काय केलंत हे?"

"आजपर्यंत नव्हती आली," तो म्हणाला. त्याचा चेहरा घामानं निथळत होता. "तुला सांगायचं असेल तर जाऊन सांग. माझ्यानंतर पगडी तुलाच आहे."

मला असा संताप आला! त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेहळे पळत आले. तुदूवाची फौज कोरड्या नदीकडे येत होती. आम्हाला अलीकडच्या काठावर चिंचांच्या झाडीत दबा धरायचा हुकूम झाला. हेच आमचं सगळं बळ होतं, कारण ते आमच्या दुप्पट होते. ते नदीच्या पात्रात उतरले की वरून कोसळायचं, एवढाच बेत.

झाडीत उभं राहिलो आणि जिवाला घोर लागला. मागे कुणाचा घोडा खूर आपटत होता, कुणाचा शेजारच्याला चावत होता. पोरं घोड्यांचे लगाम आवळून धरत होती आणि एकमेकांना विचारत होती, "आज यांना झालंय काय?" मला माहीत होतं काय झालंय ते. मी शेकाराऊच्या पाठीकडे बघत होतो. तो एकदा डावीकडे बघायचा, एकदा उजवीकडे, आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा.

तुदूवाचे पहिले स्वार समोरच्या काठावर दिसले आणि माझाच घोडा खिंकाळला. त्याच्यामागून सगळेच. अख्खी झाडी खिंकाळली म्हणा ना. पलीकडे ते थांबले, हसले, आणि शांतपणे रांग धरायला लागले. आमचा दबा फुकट गेला. आता ते सावकाश नदी ओलांडणार आणि आम्हाला झाडीतच भाल्यावर घेणार. शेकाराऊनं मागे वळून आमच्या पोरांची तोंडं एकेक करून पाहिली. त्यातल्या निम्म्यांना त्यानंच घोड्यावर बसायला शिकवलं होतं.

"तांको, सुरी काढ. बंद काप."

"कसले बंद?"

"लिफिदीचे. तिचेही आणि माझेही."

"सरदार, सगळे बघतील. जन्मभर तोंड दाखवता येणार नाही."

"बघू देत. वारा त्यांच्या तोंडावर आहे, हिचा वास थेट त्यांच्या घोड्यांना जाईल. काप लवकर, मुहूर्त बघतोस का?"

मी बंद कापले. चिलखत खाली कोसळलं आणि सगळ्या तुकडीसमोर ती सोनेरी घोडी उघडी उभी राहिली. मागे कुणीतरी अल्लाचं नाव घेतलं, कुणीतरी फिस्सकन हसलं. शेकाराऊनं कुणाकडे पाहिलं नाही. अंगात नुसता सदरा, हातात एक भाला, असा तो झाडीतून सुटला, नदीच्या पात्रात उतरला आणि तुदूवाच्या रांगेसमोरून या टोकाकडून त्या टोकाकडे दौडत गेला.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. त्यांचे घोडे मागच्या पायांवर उभे राहिले, एकमेकांना चावायला धावले. वरची जड गाठोडी धपाधप खाली पडली. खाली पडलेल्या लिफिदीवाल्याला उठता येत नाही, तो उलट्या झालेल्या कासवासारखा हातपाय हलवत राहतो. आणि आम्ही? गाणारे म्हणतात, आम्ही सिंहासारखा हल्ला केला. हल्ला आमच्या घोड्यांनी केला. त्यांना घोडी हवी होती आणि ती शत्रूच्या तोंडासमोर पळत होती. आम्ही फक्त वर होतो.

दुपारपर्यंत तुदूवाचे लोक पळाले होते. शेकाराऊच्या मांडीत भाला लागला होता. झिनारियाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

शहरात परतलो तर आमच्या आधीच गाणी पोचलेली. वेशीवर ढोलकरी 'शेकाराऊचा सोनेरी घोडा' गात होता. घोडीची गोष्ट दिवाणाच्या कानावर गेलीच होती, त्यानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं. दिवाण गोड बोलणारा माणूस. मला तो कधीच आवडला नाही.

"आज दरबारात राजे विचारतील," तो म्हणाला. "तू म्हण, घोडा होता. झालं. पगडी तुझी, वर जमीन. एका घोडीनं आम्हाला वाचवलं हे तुदूवाच्या पोरांनी गावं, असं कुणालाच नकोय."

"आणि घोडी?"

"ती कुणाच्या नजरेला पडता कामा नये. दरबाराआधी मारून पुरून टाक."

मी परतताना त्याला म्हणालो, "सरदार, हो म्हणून टाका. घोडी काय, दुसरी मिळेल." तो लंगडत लंगडत इतका भरभर चालला की मला पळावं लागलं.

देलू झिनारियाला कोंडा खाऊ घालत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं घोडीच्या मानेवरचा हात काढला नाही.

"घोडी माझी आहे, पगडी तुमची," ती म्हणाली. "सुरी आत टांगलेली आहे. मी बघायला थांबणार नाही." आणि ती खरंच शेजारी निघून गेली. शेकाराऊ अंगणात फेऱ्या घालत राहिला, मी दाराबाहेर थांबलो. किती फेऱ्या घातल्या देव जाणे. दरबाराचा कर्णा वाजला तेव्हा आम्ही निघालो. तो सुरीसाठी आत जाऊन आला होता की नाही, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दरबार गच्च भरला होता. राजानं त्याला पुढे बोलावलं.

"शेकाराऊ, सगळं शहर तुझं नाव घेतंय. सांग, कुठल्या घोड्यावर होतास?"

दिवाण हसून मान हलवत होता. शेकाराऊ गुडघे टेकून बसला होता, डोक्यावर बापाची पगडी.

"हुजूर, उदंड आयुष्य लाभो. घोडा नव्हता. घोडी होती. माझ्या बायकोची."

राजानं दिवाणाकडे पाहिलं. मग कायदा तो कायदा. दोन हुजरे पुढे झाले आणि त्यांनी शेकाराऊची पगडी उलगडली, एकेक वेढा करत. तिथंच ती माझ्या डोक्यावर बांधली. मी नाही म्हणालो नाही. पण ढसाढसा रडलो, भर दरबारात, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

राजानं विचारलं, "तुला आणखी काही मागायचंय का?"

"परवानगी द्यावी," शेकाराऊ म्हणाला. "सकाळपासून घोडीला पाणी दाखवलेलं नाही."

आणि परवानगी मिळायच्या आत तो उठून चालू लागला होता.