तालमीतलं रडणं

माझं पोट दुसऱ्यांच्या रडण्यावर चालतं. परक्या भाषेतल्या मालिका आपल्या भाषेत आणतात, तेव्हा पडद्यावरच्या बाईचे ओठ बघून तिचे संवाद मी म्हणते. छळ सोसणाऱ्या सुना हमखास माझ्याच वाट्याला येतात. स्टुडिओत मला सगळे रडूबाई म्हणतात आणि मी ती पदवी समजते. साधा हुंदका, तोंडावर हात ठेवून दिलेला हुंदका, जिन्यावरून ढकलल्यावरची किंकाळी, काय हवं ते मागा, ताजं मिळेल.

पडद्यावरची माझी बाई वाऱ्याने उडेल अशी असते. तिचा नवरा दारुडा, लाल डोळ्यांचा, आणि त्याने हात उचलला की ढग गडगडतात. आता मला बघा. दारातून आत येताना अजून तिरकं व्हावं लागत नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलण्यासारखं. आवाज असा, की दोन गल्ल्या पुढे गेलेला भाजीवाला मागे फिरतो. आणि आमचे हे? अंगाने काडी, बोलणं हळू, दारूचा वासही सोसत नाही, रोज न चुकता कुंड्यांना पाणी घालतात. आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं, तर कोण कोणाला मारत असेल ते कुणीही सांगेल, आणि चुकेल.

हे चिमटा काढतात. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीखाली झाकला जाईल असा, आणि सोडत नाहीत. कधी बोटं पिरगळतात. तेही समजावणीच्या सुरात, की बघ, तूच मला हे करायला लावतेस. मला कितीतरी वर्षं वाटायचं, याला छळ म्हणत नसावेत. पट्टा नाही, गडगडाट नाही, आणि मी ही एवढी धिप्पाड. शेवटी एकदा दादाला, माझ्या सख्ख्या भावाला, सांगितलं. पण सांगताना रडू येईना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. हसत हसतच सांगितलं.

"तू त्याला मारत नाहीस ना, तेवढं सांग," दादा म्हणाला.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. घरी येताना मात्र मला फार एकटं वाटलं.

घरी मी तालीम करते. एकच वाक्य दहादा, प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात. खालच्या काकूंना सगळं ऐकू जातं. आधी त्या भांडायला आल्या, मग त्यांना सवय झाली, मग त्या परीक्षक झाल्या. जिन्यात गाठून सांगायच्या, कालची किंकाळी जरा लांबली गं. ह्यांना ही तालीम फार सोयीची पडली. माझ्या तोंडून खरीच कळ निघाली, तरी हे शेजाऱ्यांना सांगत, तालीम चाललीय तिची. शेजारी कौतुकाने माना डोलवत.

त्या रविवारी दुपारी मला नव्या मालिकेसाठी काही दिवस परगावी निघायचं होतं. ह्यांना ते पसंत नव्हतं. बॅग काढायला मी अडगळीच्या खोलीत गेले आणि बाहेरून कडी लागली. त्या खोलीला खिडकी नाही आणि मला दमा आहे. ह्यांना दोन्ही ठाऊक आहे. शांत झालीस की उघडतो, असं पलीकडून ऐकू आलं, नेहमीच्याच मऊ आवाजात. माझा दम्याचा पंप बाहेर, पर्समध्ये.

"अहो, दार उघडा, मला श्वास घेता येत नाहीये," मी ओरडले.

तेवढं म्हटलं आणि घसाच मिटला. किंकाळ्यांचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद.

बेल वाजली. काकूंचा आवाज आला. हे त्यांना सांगत होते, तालीम चाललीय.

"नाही," काकू म्हणाल्या. "तालमीत ती एक वाक्य दहादा म्हणते. आज एकदाच म्हणाली."

ह्यांना बाजूला सारून त्या आत आल्या आणि कडी काढली. मी पर्स गाठून पंप ओढला. तोवर हे त्यांना सांगू लागले होते, ही किती तापट आहे, हिच्यापुढे आपलं कसं काही चालत नाही. ह्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. इतकं सुरेख रडणं मला स्टुडिओतही जमलं नसतं. काकू आता ह्यांचंच खरं मानणार, अशी मला भीती वाटली. मी डोळे घट्ट मिटून बघितले. इतक्या वर्षांचा धंदा, पण एक टिपूस येईना.

"काकू, मला रडू येत नाहीये," मी म्हणाले.

"कुणी मागितलंय?" त्या म्हणाल्या. "चपला घाल. खाली चल."