गाऱ्हाण्यापुरता दम

कोकणात बसणारी माणसं पुष्कळ आहेत. पडवीत बसणारी आहेत, पारावर बसणारी आहेत, सकाळी घातलेली मांडी दिवेलागणीपर्यंत टिकवणारीही आहेत. पण आमचे साडू ज्या संपूर्णतेनं बसतात, त्या संपूर्णतेनं बसलेला दुसरा माणूस मी उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसतो तेव्हा मन कुठेतरी उठायच्या बेतात असतं. साडूंचं तसं नाही. ते बसले की साडू, खुर्ची आणि पडवी मिळून एकच वस्तू तयार होते आणि ती हलवायची तर गवंडी बोलवावा लागेल असं वाटतं. हाताशी त्यांनी आंबे उतरवायचा झेला ठेवलेला असतो, म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळी. त्या झेल्यानं मी त्यांना आंबा उतरवताना कधी पाहिलं नाही. गेटपाशी पडलेला पेपर, टीपॉयवरचा चष्मा, आतल्या खोलीतला टीव्हीचा रिमोट, हे सगळं ते त्या झेल्यात अलगद धरून ओढून घेतात. एकदा ताईंनी त्याच झेल्यात चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, घ्या आता. त्यांनी तो एक थेंब न सांडता घेतला. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत आणि साडूंना वाटलं, कौतुकानं शब्द सुचत नसतील.

बसण्याची ही साधना त्यांनी एसटी स्टँडवर केली. नोकरीभर ते कंट्रोलरच्या खोलीत माईकपुढे बसून गाड्या पुकारत आले. आवाज असा, की राजापूरची गाडी लागली असं त्यांनी म्हटलं की देवरुखला निघालेल्या माणसालाही क्षणभर राजापूरला जावंसं वाटे. शिवाय ते नुसत्या गाड्या पुकारत नसत. लांज्याच्या आजीबाई, तुमची पिशवी बाकावर राहिली, असंही सांगत. पांढऱ्या शर्टवाल्यांनी नारळपाण्याच्या नादात गाडी चुकवू नये, असंही सांगत. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना तिथे रेकॉर्ड केलेला आवाज आला. एक बाई गोड गळ्यानं सगळ्या गाड्या पुकारू लागली. साडू त्यावर एकदाच बोलले. म्हणाले, "गळा चांगला आहे. पण तिला बाकावरची पिशवी दिसत नाही."

आता असा माणूस व्यायामाला लागला, तोही दम लागेपर्यंतच्या व्यायामाला, हे सांगितलं तर रत्नागिरीत कुणी विश्वास ठेवत नाही. कारण त्यामागचा शिमगा त्यांना माहीत नसतो. साडूंचं गाव खाडीपलीकडे आहे. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर येऊन बसली की पहिलं गाऱ्हाणं साडू घालतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील घालत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीनं बोलणं. ते लिहिलेलं नसतं. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाच्या होडीला मासळी लागत नाही, मुंबईला गेलेली पोरं सुखरूप असू देत, असं एकेक देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. यात खुबी अशी, की वाक्य लांब हवं, चढत जायला हवं आणि मध्ये तुटता कामा नये. तुटलं तर ‘व्हय’ कुठे म्हणायचं ते लोकांना कळत नाही.

मागच्या शिमग्याला ते तुटलं. होडीतून उतरून सहाणेपर्यंतची घाटी चढतानाच साडू तीन ठिकाणी बसले होते. वर जाऊन उभे राहिले, सुरुवात झकास केली आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठीचं ते सगळ्यात लांब वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा दम संपला. निम्म्या लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, निम्मे थांबले, ढोलवाल्याला वाटलं झालं, त्यानं ढोल बडवला आणि गाऱ्हाणं तिथेच विस्कटलं. रात्री जेवताना साडूंचा मुंबईचा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही घरी बसून नीट रेकॉर्ड करून द्या. मी मोठा स्पीकर आणतो. दरवर्षी लावू, तुम्हाला त्रास नको." तो मनानं अतिशय चांगला आहे, हीच अडचण. सगळ्यांना ते पटलं. पुढच्या शिमग्याला एकदा बघू, नाहीतर स्पीकर, असं ठरलं. परतताना आम्ही होडीनं खाडी ओलांडली. अलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर साडू मला म्हणाले, "मला दुसऱ्यांदा काढतायत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. स्वतःहून म्हणजे रिक्षानं, पण दारातून रिक्षापर्यंत स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की यंत्र उत्तम आहे, फक्त वापरात नाही. रोज थोडा वेळ भराभर चाला, जागच्या जागी पावलं उचला, पायरी चढा-उतरा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. साडूंनी बाजारात सुरमईचा भाव पाडावा तशी ती दहा मिनिटं पाडायला घेतली. पाचला बसतं का? डॉक्टर म्हणाले, बसतं, पण मग दिवसातून दोनदा. आणि त्या पाचाचे तुकडे केले तर? डॉक्टर बिचारे सज्जन. तुकडे केले तरी चालतात, मात्र प्रत्येक तुकड्यात दम लागायला हवा, असं म्हणाले. साडूंनी यातला पहिला अर्धा भाग घरी आणला. त्या पाच मिनिटांचे त्यांनी असे बारीक तुकडे केले, की व्यायाम कधी सुरू झाला नि कधी संपला हे घरात कुणाला समजेना. न्हाणीघराकडे जाताना एक तुकडा, खुर्चीत बसण्याआधी एक तुकडा आणि ताईंनी हाक मारली की ओ देताना एक.

मग बूट आले. शहाळ्यासारखे हिरवेगार. ते पायात घालण्याचा समारंभ बघायला मी मुद्दाम गेलो होतो. नाडी बांधायला वाकले ते बराच वेळ खालीच होते. मला वाटलं, खाली काही सापडलं असेल. वर आले तेव्हा चेहरा पिकलेल्या रातांब्यासारखा लालबुंद झाला होता. दुसऱ्या बुटाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आजचं झालं. ताईंनी आतून सांगितलं की आजचं झालं असेल तर उद्या डावा पाय घ्या.

ताईंच्या भाचीनं फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक सडपातळ मुलगी उड्या मारत मारत हसत होती, ही गोष्ट साडूंना सुरुवातीपासूनच संशयास्पद वाटली. ती म्हणाली, हात वर. साडू सवयीनं म्हणाले, व्हय म्हाराजा. ती म्हणाली, गुडघे उचला. साडू म्हणाले, व्हय म्हाराजा, आणि गुडघे होते तिथेच राहिले. पण ती जेव्हा म्हणाली, छान करताय, अगदी थोडं राहिलंय, तेव्हा साडू पंख्याखाली बसून सरबत पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "हिलाही दिसत नाही," एवढंच म्हणाले आणि व्हिडिओ कायमचा बंद केला.

त्यानंतर ते एकटेच पहाटे भाट्याच्या किनाऱ्याकडे जाऊ लागले. डॉक्टरांनी एक खूण सांगितली होती, की बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागला म्हणजे बरोबर. साडूंना गाणं तसंही येत नाही. त्यांना येतं ते पुकारणं. तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून ते जागच्या जागी पावलं उचलत आणि दम तपासायला पूर्ण आवाजात गाड्या पुकारत. कृपया इकडे लक्ष द्या, पाली, साखरपा, मलकापूरमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. मार्गे येईपर्यंत आवाज टिकला तर ठीक, मलकापुराला दम गेला तर थांबायचं. एकदा दोन मोठ्या बॅगा घेतलेलं एक पर्यटक जोडपं हे ऐकून थबकलं आणि गणपतीपुळ्याची गाडी कुठे मिळेल, असं त्यांनी विचारलं. साडूंनी पाय न थांबवता गाडी, वेळ, फलाट, कुठल्या बाजूला बसलं तर समुद्र दिसतो, हे सगळं सांगितलं, आणि बाईंच्या बॅगेची चेन उघडी आहे हेही सांगितलं. जाता जाता ते गृहस्थ बायकोला म्हणाले, बघ, इथे माणसं पळत पळत माहिती देतात. साडूंनी ही गोष्ट मला अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी त्या बॅगेची चेन जरा जास्त उघडी होत गेली आहे.

पावसाळ्यात किनारा बंद झाला तशी माझी नेमणूक झाली. काम सोपं होतं. साडू अंगणाची चिऱ्याची पायरी चढणार-उतरणार, चढता-उतरता गाऱ्हाण्याचं वाक्य म्हणणार आणि वाक्य संपलं की मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी ते अतिशय मन लावून केलं. त्या खुर्चीत बसल्यावर मला त्यांचं सगळं आयुष्य पटलं. देवाला सांगायला रोज नवं काय आणायचं, म्हणून साडू समोर दिसेल ते सांगत. शेजारचं मांजर आमच्या तळलेल्या बांगड्यांवर डोळा ठेवून आहे, त्याला दुसरं घर दाखव. व्हय म्हाराजा. आमचे धाकटे साडू फुकटचा चहा पितात, त्यांना जरा लाज दे. इथे मी गप्प बसलो तर ते पायरीवर एक पाय वर ठेवून थांबून राहायचे. शेवटी ताईच आतून म्हणायच्या, व्हय म्हाराजा.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर माणूस बदलत होता. पोट जिथल्या तिथे होतं, बूट मात्र झिजले. दिवाळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तुकडे आता तुकडे राहिलेले नाहीत. दहा मिनिटं सलग पायरी वाजायची. मी एकदा म्हणालो, भाऊ, आज पुरे. तर ते थांबले आणि फार हळू म्हणाले, "मला वडिलांसारखं नको जमायला. मला फक्त ते वाक्य शेवटपर्यंत न्यायचंय." मी चहा मागितला.

शिमग्याला घाटी ते न बसता चढले. मध्ये काजूच्या झाडाला धरून उभे राहिले, पण बसले नाहीत. ही बातमी आमच्याआधी सहाणेवर पोचली होती. चुलतभाऊ सुटकेसएवढा काळा स्पीकर घेऊन आला होता. त्यानं तो बाजूला, फडक्याखाली झाकून ठेवला होता, पण सगळ्यांना दिसत होता. पालखी बसली. साडूंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य गेलं, व्हय म्हाराजा. दुसरं गेलं. आवाज तोच, राजापूरला नेईल असा. मग ते लांब वाक्य आलं. बा देवा म्हाराजा, जी पोरं पोटापाण्यासाठी लांब गेलीत, ज्यांना यंदा रजा मिळाली नाही, ज्यांची घरं बंद आहेत नि अंगणात पाचोळा साठलाय, ज्या लेकी परगावी नांदतायत... आणि बरोबर तिथे, मागच्या वर्षीच्याच जागी, साडूंचा आवाज संपला.

कुणी ‘व्हय’ म्हटलं नाही. ढोलवाल्यानं टिपरू हवेत धरलं होतं, ते तसंच राहिलं. चुलतभावाकडे मी पाहिलं. त्याचा एक हात फोन धरून वर होता आणि दुसरा स्पीकरकडे गेला नव्हता. मागच्या वर्षी इथे घोटाळा झाला होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव त्या जागेवर थांबून उभं होतं. पुढे बसलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "घे बाबा दम. देव कुठं पळतोय."

साडूंनी दम घेतला. घाई न करता, पायरीवर घेत तसा. आणि वाक्य जिथे तुटलं होतं नेमकं तिथूनच उचलून, जे आले नाहीत ते आलेच आहेत असं समजून घे, त्यांच्या वाट्याचा प्रसाद त्यांच्या दारात टाक, असं म्हणत ते शेवटापर्यंत नेलं. त्यानंतरचं ‘व्हय म्हाराजा’ खाडीपलीकडे गेलं असणार. स्पीकर रात्री नाचासाठी वापरला आणि तोही अर्ध्यावर बंद पडला, असं साडू मोठ्या समाधानानं सांगतात.

चुलतभावानं फोनवर सगळं गाऱ्हाणं घेतलं होतं. त्यानं ते मलाही पाठवलं. साडूंना मी ते ऐकवलेलं नाही आणि त्यांनीही मागितलेलं नाही. पण घरी एकटा असलो की मी कधीतरी ते लावतो आणि त्या लांब वाक्यापाशी पोचतो. साडूंचा आवाज थांबतो. मग त्यांचा श्वास ऐकू येतो, कुठेतरी एक बकरी ओरडते, कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या वाजतात, आणि एवढी माणसं असून बाकी काहीही ऐकू येत नाही. पुढे काय होतं ते मला पाठ आहे, तरी दर वेळी तिथे मीही श्वास धरून बसतो.